पितृपक्षातले नाटक

अण्णा,

तुम्हाला विचारून सांगते, असे मी मराठी मंडळाच्या सचिवकाकांना सांगून आले होते. विचारले नाही. नाटक होऊन गेले. आता लिहिते आहे ते परवानगीसाठी नव्हे, आणि क्षमेसाठी तर नव्हेच. गेले काही महिने या गावात जो तो तुमच्या वतीने बोलत होता. "अण्णा असते तर" अशी सुरुवात करून लोकांनी तुमच्या तोंडी इतकी वाक्ये घातली, की हयात असताना तुम्ही स्वतः एवढे कधी बोलला नसाल. ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते त्यांना, झाले काय ते, निदान सरळ माझ्याकडून कळावे एवढाच माझा हेतू आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. मला मुली आवडतात. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते आणि हे मला तेव्हाही ठाऊक होते; फक्त त्याला शब्द ठाऊक नव्हता. आपल्या मराठी शाळेच्या पुस्तकांत तो नव्हता, शाळेच्या कपाटातल्या कादंबऱ्यांत नव्हता, आणि पुस्तकात नसलेली गोष्ट खरी असू शकते यावर त्या वयात माझा विश्वास नव्हता. बोर्डात मराठीत पहिली आले म्हणून मंडळाने गणपतीत मला शाल आणि नारळ दिला. सचिवकाका माइकवर म्हणाले, "आज अण्णा असते तर त्यांना किती आनंद झाला असता." हॉलमधल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. ते वाक्य तिथून सुरू झाले, अण्णा. त्या दिवशी ते मला पांघरुणासारखे वाटले होते. त्याचीच पुढे दोरी होईल, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

तुम्ही वीज मंडळात कारकून होतात, पण या हिंदीभाषी गावातल्या मराठी घरांत तुमची ओळख निराळी होती. तुमच्या तरुणपणी गणपतीतल्या नाटकांना मुली मिळत नसत, म्हणून बायकांची कामे तुम्ही करीत असा. मंडळाच्या हॉलमध्ये तुमचा तो फोटो अजून आहे: जांभळे नऊवारी, नाकात नथ, खांद्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि नजर अशी की पाहणाऱ्याने आपण होऊन खाली बघावे. म्हाताऱ्या बायका मला तो फोटो दाखवून सांगत, "तुझे अण्णा आमच्याहून देखणे दिसायचे गं." पुढे मुली नाटकात येऊ लागल्या, तुमचे केस विरळ झाले, आणि तुम्ही विंगेतल्या स्टुलावर संहिता घेऊन बसू लागलात. दिग्दर्शक तुम्हीच, प्रॉम्प्टरही तुम्हीच. तुमच्या गुडघ्याशी पाटावर बसलेली मी मला अजून दिसते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. अंधारात, पडद्याच्या आड, मला सगळ्यांचे शब्द पाठ असत.

एकदा एक नट बोलता बोलता गप्प झाला आणि मी तुमच्या आधी त्याचे वाक्य पुटपुटले. मध्यंतरात तुम्ही मला बाजूला घेतले. ओरडला नाहीत. तुमचा आवाज खाली गेला, आणि तो खाली गेला की मला ओरडण्याहून जास्त धाक वाटे. "तो विसरला नव्हता, थांबला होता. नटाची शांतता नटाची असते, ती आपण चोरायची नाही. ओठ बघू नकोस, डोळे बघ. डोळ्यांनी मागितलं तरच द्यायचं. आणि द्यायचा तो फक्त पहिला शब्द. पुढचं वाक्य त्याचं त्याला सापडतं." त्या दिवाळीला तुम्ही मला एक लहानशी टॉर्च दिलीत. काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावलेला होता, उजेड पानावर पडावा आणि प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून. माझ्या मैत्रिणींना घड्याळे मिळाली होती. मी ती टॉर्च उशाशी घेऊन निजत असे. एवढे देणारे तुम्ही, म्हणूनच पुढचे लिहिताना माझा हात अडखळत नाही. ज्याने काही दिलेच नाही, त्याच्याशी भांडण तरी कशाचे मांडायचे?

ती तालीम आठवा. हॉलमधला मोठा पंखा बंद आहे, खिडक्या उघड्या आहेत. नायिकेच्या सासूचे काम करणारी बाई आजारी पडली आहे, आणि सिंचन खात्यात नुकताच लागलेला एक तरुण हात वर करून म्हणतो, "मी करू का?" सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. तुमचे जांभळे लुगडे पेटीतून येते, ग्रीनरूममध्ये आई ते त्याला नेसवते, जशी ती तुम्हाला नेसवीत असे. आणि तो रंगमंचावर येऊन पहिले वाक्य बोलतो तेव्हा हसणारे गप्प होतात. तुमच्या हातातली पेन्सिल थांबलेली मी पाहिली आहे. मग तालीम संपते. तो पायऱ्या उतरून माठाकडे पाणी प्यायला जातो, आणि लुगड्यातली ती चाल त्याच्याबरोबर खाली येते. मागून कोणीतरी शिट्टी वाजवतो. तुम्ही त्याला बोलावता.

"वर बाई झालास, उत्तम झालास. पण खाली उतरताना ती तिथंच ठेवून यायची."

तो पाण्याचा पेला हातात धरून म्हणतो, "अण्णा, मी असाच चालतो."

"मग आपल्याकडे नको. हे घरंदाज मंडळ आहे."

शिट्टी वाजवणाऱ्याला तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. त्या तरुणाने आत जाऊन लुगडे सोडले, घडी घातली, काठाला काठ लावून खुर्चीवर ठेवली, तुम्हाला वाकून नमस्कार केला आणि तो निघून गेला. सासूचे काम तुम्ही त्या वर्षी नाटकातून कापून टाकलेत. घरी जेवताना म्हणालात, "गुणी होता पोरगा." आईने तुमच्या ताटात पोळी वाढली. मी तेव्हा लहान होते, मला एवढेच कळले की काहीतरी अन्याय झाला आहे आणि तो माझ्या आवडत्या माणसाने केला आहे. आता नीट कळते. तुमच्या नऊवारीला टाळ्या होत्या आणि त्याच्या चालीला शिट्टी, कारण तुम्ही सोंग करीत होता आणि त्याला सोंग करायचे नव्हते. तुम्हा सगळ्यांना बाई झालेला पुरुष चालत होता. फक्त तो खोटा असायला हवा होता.

मी शिकले, मराठीत एम. ए. केले, आणि आता एका कॉलेजात अतिथी विद्वान आहे. हे नाव फार भारदस्त वाटते. अर्थ एवढाच की नोकरी पक्की नाही. रविवारी सकाळी मंडळाचे वाचनालय मी उघडते. तिथे फारसे कोणी येत नाही, म्हणूनच ते काम मी मागून घेतले. एका रविवारी एक गृहस्थ आले. पन्नाशीतले, टक्कल पडलेले, इस्त्रीचा शर्ट. कपाटापर्यंत चालत गेले तेवढ्यात मी त्यांना त्या चालीवरून ओळखले. पुस्तकाची नोंद करताना त्यांनीही माझ्याकडे निरखून पाहिले.

"तू अण्णांची ना? टॉर्चवाली?"

मी मान हलवली. मला वाटले, आता ते पुस्तक ठेवून निघून जातील.

"पोहे खातेस का?" ते म्हणाले. "रविवारी संध्याकाळी माझ्याकडे नानाखेड्याला असतात. अजून काही जण येतात. पुस्तकवाले नाहीत, पण दिलवाले आहेत. तुझ्यासारखेच."

माझ्यासारखे म्हणजे कसे, हे मी विचारले नाही. त्यांना कसे कळले, हे आजही विचारलेले नाही. त्या घरात त्यांना सगळे बुआ म्हणतात, म्हणजे हिंदीत आत्या. पाया पडतात आणि थट्टाही करतात. बसस्टँडमागच्या कॉलनीतले खालच्या मजल्यावरचे घर, दारात तुळस, ओट्यावर पोह्यांची कढई, टेबलावर शेव आणि जिलबीचा पुडा. आपापसांत ही माणसे स्वतःला 'अपनेवाले' म्हणतात. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. फ्रीगंजमधल्या औषधांच्या दुकानात काम करणारा एक तरुण थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बुआ, ये नई वाली बोलती नहीं है क्या?"

"बोलत नाही, लिहिते," बुआ म्हणाले. "तुझं उलटं आहे. बोलायला दिवस पुरत नाही, आणि लिहायला सांगितलं तर पर्चीवर गोळीचं नाव पण चुकवतोस."

"एक बार गलती हुई थी, बुआ! ज़िंदगीभर सुनाओगी?"

सगळे हसले. तेवढ्यात रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर काम करणारी एक मुलगी माझ्यासमोर जिलबीची बशी धरून उभी राहिली. "आप वेटिंग में क्यों बैठी हैं? इधर आइए, आपका कन्फर्म है." तिच्याविषयी इथे जास्त लिहीत नाही. ते माझे आहे, आणि वडिलांना सगळे सांगायचे नसते. एवढे पुरे की नंतर कित्येक रविवार मी त्या घरी गेले ते नुसत्या पोह्यांसाठी नव्हे.

अण्णा, माझे लिहिणे त्या घरात मोठे झाले. तोवर मी जे लिहीत होते ते बक्षिसांसाठी होते: निर्दोष, स्वच्छ, आणि कोणाच्याही मुलीने लिहावे असे. तिथे दर रविवारी कोणीतरी आपले पान मोठ्याने वाची. बुआ मराठीत, औषधवाला हिंदीत, रेल्वेवाली कधी इथल्या माळवी बोलीत. ऐकणारे मध्येच तोडत, "ये झूठ है, ऐसा कोई नहीं बोलता," आणि ते बहुतेकदा बरोबर असे. मग आम्ही एक अंक काढू लागलो, मराठी आणि हिंदी मिसळलेला, टावर चौकातल्या एका दुकानात झेरॉक्स केलेला. पहिल्या वेळी दुकानदाराने यंत्र थांबवून पानच वाचायला घेतले. माझ्यामागे फॉर्म हातात घेतलेली पोरे उभी होती. माझे कान तापले. त्याने मान वर केली. "मॅडम, इसके आगे का पन्ना किधर है? फिर उन दोनों का क्या हुआ?"

"अगले अंक में," मी कसेबसे म्हणाले.

"तो एक कॉपी मैं रख लूँ? घर पे पढ़ूँगा."

मराठीत पहिली आल्याबद्दल मिळालेली शाल ट्रंकेत आहे. मला त्या दुकानदाराच्या प्रश्नाचे मोल तिच्याहून अधिक वाटते.

त्यानंतर मी नाटक लिहिले. गावोगाव फिरणाऱ्या एका जुन्या मंडळीतला बायकांची कामे करणारा नट आणि त्याच मंडळीचा प्रॉम्प्टर. आयुष्यभर एक बोलतो आणि दुसरा त्याला शब्द पुरवतो. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि त्यासाठी दोघांपाशीही संहिता नाही. शेवटच्या प्रयोगानंतर नट लुगडे सोडायला बसत नाही. तो म्हणतो, "आज मी पदर उतरवणार नाही. असाच तुमच्याबरोबर घरी येतो." आणि पडदा पडतो. हे वाक्य कुठून आले ते तुम्हाला सांगायला नको.

मंडळ गणपतीत दरवर्षी एक नवे नाटक करते. मी ते तिथे दिले. बुआ म्हणाले होते, "कशाला देतेस? आपण आपल्या अंगणात करू." पण मला अंगण नको होते. मला तोच रंगमंच हवा होता आणि तीच रीत: पडदा उघडण्याआधी नटेश्वराच्या पूजेला लेखकाचे नाव पुकारतात, लेखक पुढे येतो आणि नारळ फोडतो. माझ्यासारखी मुलगी जन्मात एकदाच हट्ट करते, आणि मी तो तिथे केला.

सचिवकाकांनी बोलावले. टेबलावर चहा होता, शेजारी कार्यकारिणीतल्या एक मावशी होत्या.

"भाषा तर सुंदरच आहे, बेटा. शेवटी मुलगी कुणाची!" सचिवकाका म्हणाले. "फक्त ते दोघांचं जे आहे ना, ते जरा मैत्रीवर आणता येईल का?"

"आणि लेखिका म्हणून नाव नको," मावशी म्हणाल्या. "सामूहिक लेखन म्हणू या. तुझं लग्न व्हायचंय अजून."

मी चहाचा कप बाजूला सारला.

"हे बघ," सचिवकाका पुढे वाकले. "बायकांची कामं करणारा, प्रॉम्प्टर. लोक काय समजतील? अण्णांवरच लिहिलंय म्हणतील. त्यांनी आयुष्यभर नाव कमावलं. अण्णा असते तर त्यांना काय वाटलं असतं, जरा सोच ना."

मी नुसती उठले आणि म्हणाले, "विचारून सांगते."

"कुणाला?"

"अण्णांना."

मावशींनी सचिवकाकांकडे पाहिले. मला वाटते, त्यांना माझी काळजी वाटली. मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आले तेव्हा मला हसू येत होते.

वाक्य बदलले नाही, नाव काढले नाही. गणपतीत दुसरे नाटक झाले. आमच्या रविवारी औषधवाल्याने विचारले, "वो हॉल शादी-ब्याह के लिए भाड़े पे मिलता है ना? तो हम क्या कम घराती हैं?" घराती म्हणजे वधूकडची मंडळी. बुआ मंडळाचे सभासद होतेच, तुम्ही त्यांना नाटकातून काढलेत, पण वर्गणी त्यांनी कधी चुकवली नव्हती. गणपती उठले की पितृपक्ष लागतो. त्या दिवसांत कोणी लग्न करीत नाही, मुंज करीत नाही, साखरपुडासुद्धा करीत नाही. हॉल रिकामा पडलेला असतो. बुआ तारीख घ्यायला गेले तेव्हा सचिवकाका म्हणाले, "पितृपक्षात? कसला कार्यक्रम?"

"कौटुंबिक."

"श्राद्ध?"

"नाही," बुआ म्हणाले, "बारसं."

काकांना कळले नसेल असे नाही. आठवड्यात टावर चौकात आमची पोस्टरे लागली, माझ्या पूर्ण नावासकट, म्हणजे मधल्या तुमच्या नावासकट. हॉल नाकारायचा तर कारण लिहून द्यावे लागले असते, आणि ते कारण स्वतःच्या हाताने लिहायची कोणाची तयारी नव्हती. त्याऐवजी त्यांनी आईला फोन केले. सकाळ-संध्याकाळ फोन. आई ऐकून घेई, "बरं" म्हणे, आणि ठेवून देई. मला ती काहीच विचारत नव्हती. मला त्या शांततेची भीती वाटत होती. नाटकाची संहिता मी तिच्या उशाशी ठेवली होती. तिने ती वाचली की नाही, हेही मला ठाऊक नव्हते.

हॉल मिळाला तो नेमका तुमच्या तिथीच्या दिवशी. चुलतभाऊ सकाळी राम घाटावर तर्पणाला गेला. आई स्वयंपाकघरात खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी करीत होती, आणि मी तिच्या हाताखाली आमसुलाची चटणी वाटत होते. पुन्हा फोन वाजला. आईने तो कानाला लावला, थोडे ऐकले, आणि कढीखालचा गॅस बारीक करून म्हणाली, "हो, आजच तिथी आहे. त्यांचं पान वाढतेय. ते येऊन जेवतील. बाकीचं त्यांना कशाला विचारायचं? जिवंत माणसं आहेत ना घरात विचारायला." आणि तिने फोन ठेवून दिला.

मी वरवंटा थांबवला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाचलं मी. रडवलंस." मग थोड्या वेळाने, "तुझ्या त्या रिझर्व्हेशनवालीला डबा भरून ठेवलाय. तिच्यासाठी खीर वेगळी काढलीय, वेलदोडे जास्त घालून." तिला वेलदोडे आवडतात हे मी आईला कधी सांगितले नव्हते.

गच्चीवर घास ठेवून ती परत आली. कावळा शिवला की नाही हे मी विचारले नाही आणि बघायलाही गेले नाही. त्या दिवशी मला कोणाचीही संमती नको होती, तुमच्या वतीने कावळ्याचीही नाही. आईने हात पुसले, कपाट उघडले आणि खालच्या खणातून ते जांभळे लुगडे काढले. त्याला कापराचा वास येत होता.

"चल," ती म्हणाली. "तुमच्यात नऊवारी नेसवता कुणाला येतं? कासोटा सुटला म्हणजे?"

दुपारी ग्रीनरूममध्ये बुआ आरशासमोर बसले होते. आईला पाहून ते उठून उभे राहिले. "वहिनी," एवढेच म्हणाले आणि हात जोडले. आईने लुगडे उलगडले.

"नीट उभे राहा. पाय जरा अंतरावर. ह्यांनाही दर खेपेला हेच सांगावं लागायचं."

तिने कमरेला गाठ मारली, निऱ्या घातल्या, मागे कासोटा खोचला. तिचे हात काही विसरले नव्हते. औषधवाला पिना धरून उभा होता. बुआंचे डोळे भरले तेव्हा आई म्हणाली, "आता रडू नका, काजळ उतरेल." पदर खांद्यावर नीट बसवून ती दोन पावले मागे सरली, तिने वरपासून खालपर्यंत त्यांना पाहिले, आणि मग तुम्ही त्या दिवशी म्हणायला हवे होते ते म्हणाली. "उतरताना पायऱ्या बघा फक्त. बाकी हवं तसं चाला."

हॉल भरला नव्हता, पण रिकामाही नव्हता. आमची माणसे होती, झेरॉक्सवाला बायकोला घेऊन आला होता, फोटोतल्या तुम्हाला देखणे म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्या बायका पहिल्या रांगेत होत्या. सचिवकाका दाराजवळ बसले होते, केव्हाही उठून जाता येईल अशा खुर्चीवर. नाव पुकारायचे काम औषधवाल्याकडे होते. माझे नाव, तुमचे नाव, आडनाव. मी विंगेतून बाहेर आले. पहिल्या घावाला नारळ फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. "ज़ोर से मारो मॅडम!" झेरॉक्सवाला ओरडला, हॉल हसला, आणि नारळ असा फुटला की पाणी माझ्या तोंडावर उडाले. त्या रंगमंचावर लोकांनी मला यापूर्वी बघितले होते ते अण्णांची मुलगी म्हणून. त्या दिवशी पाणी पुशीत मी उभी राहिले ती लेखिका म्हणून, आणि ज्यांना मान वळवायची होती त्यांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून जरा जास्तच वेळ उभी राहिले.

मग मी तुमच्या स्टुलावर जाऊन बसले. टॉर्च लावली.

बुआंनी शेवटपर्यंत एक अक्षर चुकवले नाही. शेवटच्या वाक्याशी आले आणि थांबले. मी ओठ नाही, डोळे पाहिले. हॉलमध्ये कोणीतरी खोकले. ते थांबूनच होते. मी थांबले. तुम्ही शिकवलेत तेवढी थांबले, आणि त्याहून जास्त थांबले. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि थेट विंगेकडे, तुमच्या स्टुलाकडे पाहिले. डोळ्यांनी मागितले. मी पहिला शब्द दिला.

"आज."

"आज," बुआ म्हणाले, "आज मी पदर उतरवणार नाही." आणि ते रंगमंचाच्या पायऱ्या उतरून, प्रेक्षकांमधून, माठाजवळून, दारापर्यंत चालत गेले. असेच. जसे ते चालतात तसे. दाराशी सचिवकाकांनी खुर्ची मागे ओढून त्यांना वाट करून दिली. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा बुआ बाहेर उन्हात उभे होते. शिट्टीही वाजली, पण ती औषधवाल्याची होती.

नंतर मी बुआंना म्हणाले, "नेमकं तेच वाक्य विसरलात." ते नथ काढत होते. "विसरलो कुठं? त्या कोपऱ्यातून ऐकायचं होतं मला." तुम्हाला त्यांनी क्षमा केली आहे का, हे मी विचारले नाही. ती त्यांची शांतता आहे, मी ती चोरणार नाही. माझ्यापुरते सांगते, की मी केलेली नाही. आणि तुमच्यावर माझा जीव होता, त्यातही काही कमी झालेले नाही. या दोन्ही गोष्टी मी एकत्र बाळगणार आहे.

हॉलला कुलूप लावताना सचिवकाकांनी विचारले, "मग? अण्णांना विचारलंस का?"

"विचारलं," मी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"काही बोलले नाहीत."

हे पत्र कुठे टाकायचे नाही. राम घाटावर सोडणार नाही, आईला दाखवणार नाही; टॉर्चच्या खोक्यात राहील. फक्त काकांना जे सांगितले ते अगदी खरे नव्हते, एवढे कबूल करते. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. अंधारात जो निघतो तो माझा नाही. खाली गेलेला, घशातून येणारा तो आवाज मी लहानपणी तुमच्या गुडघ्याशी बसून उचलला, आणि प्रॉम्प्ट करायला मला दुसरा आवाज येतच नाही. बुआंनी त्या कोपऱ्याकडे पाहून मागितला तो शब्द मी लिहिलेला होता, अण्णा, पण तो त्यांना मिळाला तुमच्या आवाजात.